दोन्ही बाजूंनी

पौषातले ऊन कळसाडीत घाईने येत नाही. आधी ते गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर टेकते आणि खाली उतरावे की नाही, याचा विचार करत तिथेच रेंगाळते. मग निंबाच्या शेंड्याला पिवळेपणा चढतो. समोरच्या पत्र्यावरचे दव वाफ होऊन उठू लागते. उसाच्या शेतांकडून आलेले धुके गल्लीच्या तोंडाशी विरळ होते, आणि त्यातून एखादी बैलगाडी आधी घुंगरांच्या आवाजाने आणि मागून आकाराने पुढे येते. तोवर ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत रतिलालनानांच्या घराच्या पूर्वेच्या खिडकीशी पोचलेले असते. खिडकीला गज आहेत. गजांच्या आत, फरशीपासून थेट छताला भिडेपर्यंत, कापूस भरलेला आहे.

त्या कापसात ऊन शिरते आणि वाट चुकते. पहिल्या थरात ते दुधाळ होते, त्यामागे फिकट केशरी, आणि जिथे बोंडे दाबून बसली आहेत तिथे राखेच्या रंगाचे. सरकीचे बी एखाद्या पातळ पुंजक्यातून डोळ्याच्या बाहुलीसारखे काळे दिसते. इतका प्रवास करून मधल्या दारातून ते पलीकडच्या खोलीत येते तेव्हा त्याच्यातली ऊब संपलेली असते. उरतो तो एक मऊ, दाटलेला, आवाज गिळून टाकणारा उजेड. भाऊबंदांनी कधीच कापूस विकला होता; नाना मात्र भाव वाढेल या आशेवर अडून बसले होते. त्यामुळे त्या हिवाळ्यात घरातल्या माणसांना बोलतानाही आवाज चढवावा लागे.

नानांचा मुलगा भाग्येश रोज अंथरुणात पडून हा उजेड पाहत असे, आणि त्यात ममता, त्याची बायको, येण्याची वाट पाहत असे. ती न्हाणीतून येई, केस पिळून मागे टाकी, कापसाच्या खोलीच्या दारातून आत-बाहेर करी. तिच्या केसांना पांढरे तंतू चिकटलेले असत. ते काढावेत असे त्याला रोज वाटे. हात पांघरुणाबाहेर येई, आणि तसाच पुन्हा आत जाई. लग्नाला तिसरे वर्ष लागले होते, तरी त्या तंतूंपर्यंत त्याचा हात पोचला नव्हता.

तिला कंगवा हवा असला की ती कपाटावरची निळी बॅग खाली काढी. लग्नात माहेराहून, म्हसावदहून आणलेली ती बॅग. भाग्येशने हौसेने आरशाचे कपाट आणले होते. त्यात तिने या घराच्या साड्या तेवढ्या घडी करून ठेवल्या होत्या. स्वतःचे कपडे, पावडरचा डबा, आईचा फोटो, कंगवा, सारे बॅगेत. वस्तू काढली की ती चेन लावी आणि बॅग परत वर ठेवी. त्याने एकदा विचारले होते, "कपाटमा जागा शे ना?" ती म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या. सवय शे." त्याने ते उत्तर जपून ठेवले. टापटिपीची आवड असते काही बायकांना, असे त्याने स्वतःला समजावले.

खरे तर भाग्येश स्वतःला समजावण्यात फार तरबेज होता. बोलण्यात मात्र नव्हता. शहाद्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो इंग्रजी शिकवत असे. संस्था विनाअनुदानित, पगार नावालाच. मुली पाहायला गेला की तो पोह्यांच्या ताटलीकडे बघत बसे, आणि मुलीकडचे लोक त्याच्या नोकरीकडे. एकापाठोपाठ एक स्थळे गेली. तेव्हा लोटनआप्पाने, जो दोन्ही घरांचा दुरून नातलग होता आणि ज्याच्या मोटरसायकलला लोक सोयरिकीची गाडी म्हणत, साट्याची गोष्ट काढली. म्हसावदच्या घरात नवनीत होता आणि त्याची बहीण ममता. कळसाडीच्या घरात भाग्येश होता आणि त्याची धाकटी बहीण रंजिता. त्यांची मुलगी यांनी करायची, यांची त्यांनी. एकाच मांडवात दोन्ही लग्ने.

"तुम्ही द्या, ते देतस," लोटनआप्पा ओट्यावर मांडी घालून म्हणाला होता. "देवाणघेवाण बरोबर. कोन कोना साला आनि कोन कोना जवाई, हाई देवले बी नही समजस. भांडाले बी जागा नही ऱ्हास!"

हसण्याच्या त्या गडबडीत त्याने शेवटची अटही सांगून टाकली होती, इतकी जुनी की कुणी ती वेगळी ऐकलीही नाही: एक घर मोडले तर दुसरेही मोडायचे. एक माहेरी परत आली की त्याच दिवशी दुसरीलाही परत पाठवायचे.

रंजिता तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला आतल्या खोलीत सांगण्यात आले. मग दाराशी उभ्या असलेल्या भाग्येशला तिने एवढेच विचारले, "दादा, पुस्तकं लई जाऊ का तठे?"

"लई जा ना," तो म्हणाला होता. त्या क्षणी त्याला वाटलेला सुटकेचा आनंद त्याला नंतर पुष्कळ दिवस आठवू नये असे वाटत राहिले.

आता पौष सरत आला होता. बारावीच्या वर्गात त्या दिवशी करार-मसुद्यांवरचा एक उतारा होता, आणि त्यात शब्द होता 'म्युच्युअल'. भाग्येशने तो फळ्यावर लिहिला. अर्थ सांगण्याआधी तो नेहमी मुलांना विचारत असे. स्वतः बोलणे तेवढेच लांबत असे.

"सर, माले माहीत शे!" मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला. "फेसबुकवर म्युच्युअल फ्रेंड ऱ्हास ना, तो!"

"टीव्हीवर सांगतस ना सर, म्युच्युअल फंड," दुसरा म्हणाला, आणि जाहिरातीतली ती घाईघाईची सूचना त्याने एका दमात म्हणून दाखवली. वर्ग हसला.

भाग्येशही हसला. मग त्याने सावकाश, आपल्या त्या खालच्या आवाजात सांगितले की हा शब्द जिथे येतो तिथे दोन बाजू असतात, आणि जे एका बाजूचे असते तेच दुसऱ्या बाजूचे असावे लागते. प्रेम, आदर, वैरसुद्धा. करारात हा शब्द आला की समजावे, कुणी कुणावर लादलेले नाही. एकाने हात पुढे केला आणि दुसऱ्याने तो आपल्या मनाने धरला. हे सांगताना त्याला बोलायला आवडत होते. फळ्यावरचा खडू त्याने उगाच पुन्हा एकदा त्या शब्दाखालून फिरवला.

शिक्षकांच्या खोलीत फत्तेसिंग सर डबा उघडून बसले होते. भूगोल शिकवायचे, आणि सगळ्या जगाचा भूगोल धडगावपर्यंत येऊन संपतो असे म्हणायचे. कारण त्यांची बायको तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि बदली होत नव्हती.

"म्युच्युअल?" ते चटणीचा घास थांबवून म्हणाले. "सर, त्या शब्दावर मी प्रबंध लिहू शकतो. आपसी बदलीला आमचे लोक म्युच्युअलच म्हणतात. तिला शहाद्याला यायचंय. शहाद्यातल्या एकाही बाईला डोंगरात जायचं नाहीये. आमची ही फोनवर विचारते, 'म्युच्युअल झालं का हो?' मी म्हणतो, 'अर्धं झालंय.'" ते स्वतःच मोठ्याने हसले. मग डब्याचे झाकण लावता लावता म्हणाले, "पण अर्धं म्युच्युअल असं काही नसतं, सर. एकाला हवंय आणि दुसऱ्याला नकोय, त्याला नुसती अडचण म्हणतात."

भाग्येश हसला नाही. त्याचा फोन वाजत होता, आणि पडद्यावर रंजिताचे नाव होते. ती या वेळी कधी फोन करत नसे. तो उठून जिन्याखाली, जिथे जुनी बाके रचून ठेवली होती, तिथे जाऊन उभा राहिला.

"दादा, वर्गमा व्हतास का?"

"नही. बोल."

"एक इचारू? तू इंग्रजीना माणूस शे म्हनीसन इचारस." पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला आणि विरला. "म्युच्युअल कन्सेंट म्हंजे नेमकं काय रे?"

त्याने बाकाची कड धरली.

ती सांगत गेली. नवनीत वाईट नव्हता, कधी हात उचलला नाही. पण पहिल्या दिवाळीपासून तो मळ्यातल्या पंपाच्या खोलीत झोपत होता. जेवायला घरी येई, ताट पुढे ओढी, आणि निघून जाई. या गावात असे किती दिवस काढायचे, असे तिने शेवटी त्यालाच विचारले. तर तो म्हणाला, माझेही तेच विचारणे आहे. मग दोघे मिळून, बाजाराच्या निमित्ताने, शहाद्याला एका वकीलबाईकडे गेले.

"मॅडम सांगे, दोन्हीजन राजी व्हशात ते म्युच्युअल करी ल्या, भांडण नही, साक्षीदार नही. दादा, यान्हा अर्थ काय? कोन कोन राजी पाहिजे?"

जिन्यावरून मुले धडधडत खाली उतरत होती. उत्तर अगदी लहान होते. आताच त्याने साठ मुलांना ते समजावून सांगितले होते. नवरा आणि बायको, बस. तू आणि नवनीत. पण त्या उत्तराच्या मागोमाग दुसरे दृश्य आले: लोटनआप्पाची मोटरसायकल, ओट्यावर बसलेली माणसे, आणि कपाटावरून खाली उतरलेली निळी बॅग. रिकाम्या खोलीत वाट चुकलेला सकाळचा उजेड.

"दोन्ही बाजू म्हंजे," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला, "दोन्ही घरं. साटं शे ना आपलं. चौघंबी राजी पाहिजेत. तू, नवनीत, मी आनि... तुन्ही वहिनी. एकजन बी नही म्हनना, ते नही व्हस."

पलीकडे रंजिता विचार करत होती.

"चौघं," ती हळूच म्हणाली. "मॅडमनी इतलं सांगं नही. पण तुले जास्त समजस." आणि मग, फोन ठेवण्याआधी, "बरं व्हयनं तुले इचारं."

ते शेवटचे वाक्य त्याच्याबरोबर एस.टी.त बसले, कळसाडीच्या फाट्यावर उतरले, आणि घरापर्यंत चालत आले. त्याने दार उघडले तेव्हा ममता ओट्यावर तूर निवडत होती. तिने पाहिले, पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि परत सुपाकडे वळली. सारे जागच्या जागी होते. त्याला वाटले, आपण काहीतरी वाचवले. रात्री मात्र कापसाच्या खोलीकडून नेहमीचा मुका, जड वास येत होता. पावलापावलाला जमीन मऊ लागावी तसे त्या घरात त्याला होऊ लागले: कुठेही पाय टाकला तरी आवाज होत नाही, आणि कुठेही पाय टाकला तरी तो बुडतो.

त्याने आपली बाजू पुष्कळ मांडून पाहिली. रंजिता परत आली तर नानांचे काय होईल. लोक काय म्हणतील. नवनीत सुधारेलही. आणि ममता? तिचा काय दोष? रंजिताला सोडवताना ममताचे घर मोडायचे, हा कुठला न्याय? ही शेवटची बाजू त्याला सर्वांत आवडली, कारण तीत तो स्वतः कुठेच दिसत नव्हता. आपण जे केले ते ममतासाठी केले, असे त्याने ठरवले, आणि दोन-तीन सकाळी त्या उजेडाकडे पुन्हा पाहता आले.

रविवारी ते सगळे आले.

ऊन ओट्यावर चांगले पसरले होते. आधी लोटनआप्पाची मोटरसायकल, मागे नवनीतची, आणि तिच्यावर रंजिता. डोक्यावर पदर, हातात काही नाही. आई, गजराबाई, चुलीपासून उठून दाराशी आली आणि मुलीला पाहून तिथेच थांबली.

"वाळी गयी मन्ही पोर," ती म्हणाली. एवढेच. मग आत जाऊन तिने चहाचे आधण मोठे केले.

"या पाव्हना, बठा," नाना नवनीतला म्हणाले. पण लोटनआप्पा मांडी घालून बसला नाही, हे पाहून त्यांचा चेहरा बदलला.

"नाना, मी साखर लई उनू व्हतू, आते मीठ लई उनू," लोटनआप्पा म्हणाला. त्याची नेहमीची थट्टा त्याच्याच तोंडात अडखळत होती. "पोरेस्नं पटत नही. मारामारी नही, दारू नही, काहीच नही. पटतच नही. तिसरं वरीस लागनं. दोन्हीजन मोकळा व्हवाले देखतस."

"पटत नही म्हंजे?" नाना. "आम्हनं काय पटे? ऱ्हायनूत ना? आनि साटं शे, लोटन. तुन्हाच शब्द व्हता. ती आठे उनी ते हाई तठे जाई."

"तेच ते बोलाले उनू," नवनीत म्हणाला. उंच, उन्हाने रापलेला माणूस. बोलताना तो सगळ्यांकडे पाहत होता, फक्त रंजिताकडे नाही, आणि त्या न पाहण्यात राग नव्हता. "नाना, मी तुम्हनी पोर वाईट म्हनत नही. ती बी थकनी, मी बी थकनू. पहिलेच बोलतू. पण ममता आठे शे म्हनीसन गप बसनू. मन्हापायी तिनं घर मोडाले नको." तो भाग्येशकडे वळला. "मंग हिनी सांगं, दादा म्हनस, चौघं राजी व्हयनात ते म्युच्युअल व्हस. मी म्हनू, चला मंग. चौघास्ले इचारी लेवूत."

भाग्येशने मधल्या दाराकडे पाहिले.

जे वाचवायला तो खोटे बोलला होता, त्याच्याच दारात ते खोटे सगळ्यांना घेऊन आले होते. त्याने खरा अर्थ सांगितला असता तर वकीलबाईच्या टेबलापाशी दोघांच्या सह्या झाल्या असत्या, आणि ममताला कुणी काही विचारलेच नसते. चार माणसे त्यानेच मोजून दिली होती. ममता मधल्या दारात उभी होती, पाठीमागे कापसाची पांढरी भिंत. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, कारण उजेड तिच्या मागून येत होता.

"मी राजी शे," रंजिता म्हणाली, शाळेत हजेरी देतात तशी. "त्या बी शेतस. दादा, तू सांग."

"सांग मास्तर," लोटनआप्पा म्हणाला. "शिकेल माणूस तूच शे आठे."

भाग्येशला आयुष्यात पहिल्यांदा बोलण्याची घाई झाली.

"चौघास्नी गरज नही," तो म्हणाला. "मी... मी चुकी सांगं. कायदामा साटं नही ऱ्हास. त्या शब्दना अर्थ फक्त दोनजन. जो नवरा, जी बायको, त्याच. रंजिता आनि नवनीत राजी शेतस, खलास. तिसरा कोनले इचारानं कामच नही." शब्द एकावर एक येऊ लागले. "एक लगीन सुटनं म्हनीसन दुसरं सुटत नही. ममताले कोनी तठे पाठवाव नही. ती मन्ही बायको शे. रंजिता इकडे येई, ममता आठेच ऱ्हाई. दोन्हीस्नं भलं."

रंजिता त्याच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरे वाटले असते.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी तू चौघं सांगेल व्हतं."

"चुकी व्हयनी मन्ही."

"तुन्ही इंग्रजीमा?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता मान फिरवून निंबाकडे बघू लागली. तिला सगळे समजले होते.

नाना खोकले. "असं कसं व्हई? आपली पोर परत लेवानी आनि त्यास्नी ठेवानी? लोके थुंकतीन आपलावर."

"मन्ही हरकत नही, नाना," नवनीत घाईने म्हणाला. "ममताले ऱ्हावानं व्हई ते ऱ्हावो. माले आनंदच शे."

लोटनआप्पाने डोके खाजवले, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जुनी खुशी परतली. भांडण न होता काहीतरी उरकते आहे, हे त्याला फार दिवसांनी अनुभवायला मिळत होते. "मास्तरनं म्हननं मोलनं शे," तो म्हणाला. "जमाना बदलना. चला, मंग मिटनं. च्या आना, गजराबाई!" आणि चहा येईपर्यंत, रिकामा वेळ भरून काढावा म्हणून, तो मधल्या दाराकडे वळला. "काय वं पोरी? तुन्हं ते काही म्हननं नही ना? आते उनूतच शेत, ते इचारी लेस."

सहज विचारलेला प्रश्न होता तो. भाग्येशनेही सहजच वर पाहिले.

ममता दारातून एक पाऊल पुढे आली. आता तिच्या तोंडावर ऊन होते. कानामागच्या केसांत कापसाचा तंतू होता. तिने आधी भावाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"एक इचारू का तुम्हले?" ती भाग्येशला म्हणाली. लग्न झाल्यापासून चारचौघांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. आवाज शांत होता, कापत नव्हता. एखादे वाक्य माणसाने मनात इतक्या वेळा म्हटलेले असते की ते गुळगुळीत होऊन बाहेर येते, तसा.

"इचार ना."

"तिनामुळे मी, आनि मन्हामुळे ती, असं व्हतं म्हनीसन मी काही बोलनी नही. मी उठनी असती ते तिले बी उठनं पडतं, आनि तिनं तठे बरं चाली ऱ्हायनं असं माले सगळं सांगेत." ती क्षणभर थांबली. "आते तुम्ही म्हनतस, एकनं दुसराले लागत नही. फक्त जो नवरा, जी बायको, त्याच. बरोबर ना?"

"बरोबर," तो म्हणाला, कारण ते बरोबर होते.

"मंग आपन बी तसंच करी लेवूत का? म्युच्युअल?"

तिने तो शब्द अगदी नीट उच्चारला. त्याच्या वर्गातली मुलेही इतका नीट उच्चारत नसत.

गजराबाई चहाचे ताट घेऊन उंबरठ्याच्या आतच थांबली, आणि कपांतली वाफ एकट्याने वर चढत राहिली. रंजिताने मान वळवून वहिनीकडे पाहिले. दोघींची नजर भेटली, आणि त्या एका दृष्टीत इतकी ओळख होती की भाग्येशला आपण दोघींनाही कधी पाहिले नव्हते असे वाटले.

ममता उत्तराची वाट पाहत होती. ती भांडत नव्हती, मागत नव्हती. हात तिने पुढे केला होता, आणि आता तो त्याने आपल्या मनाने धरायचा होता. अर्थ त्यानेच शिकवला होता. तो 'नाही' म्हणू शकत होता. 'नाही' म्हटले तर ती जाणार नव्हती, हेही त्याला कळत होते. ती आत वळली असती, सूप उचलले असते, कंगवा वापरून झाला की चेन लावून बॅग कपाटावर ठेवली असती, उद्या आणि परवा आणि पुढच्या कापसाच्या वेळीही. दार त्याच्या हातात होते. त्याला वाटत आले होते की या घरात आपणही अडकलो आहोत, रीतीत, नानांच्या शब्दात, लोकांच्या बोलण्यात. पण तो कुठेच अडकला नव्हता. तो दाराशी बसला होता.

त्याला कपाटातल्या मोकळ्या कप्प्यांची आठवण झाली. माहेराला ती अजून 'आम्हनं घर' म्हणे आणि या घराला 'तुम्हनं घर', तेही त्याने रोज ऐकले होते. पहिल्या रात्री तिने विचारले होते, दिवा चालू ठेवला तर चालेल का, आणि ती सकाळपर्यंत भिंतीला टेकून बसून होती. त्या बसण्याला तो लाज म्हणाला होता. प्रत्येक गोष्टीला त्याने एक एक शब्द शोधून दिला होता: लाज, सवय, टापटीप, अबोल स्वभाव. शब्द सगळे सुंदर होते.

"बोला ना," ममता हळूच म्हणाली.

तिच्या केसांतला तो तंतू वाऱ्याने सुटला आणि ओट्याच्या कडेवरून खाली गेला. भाग्येशने मान हलवली, हो अशी.

ममताला तो नको होता.